पहिलं नाव

मी अक्षरं शिकलो ती आप्पांच्या सीमालढ्याच्या मराठी पत्रकांवर. छापखान्यातून आणलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असत आणि जेवताना ताटाखालीही जुनं पत्रकच असे. आठवीत कन्नडच्या पेपराला मी कोरी उत्तरपत्रिका दिली. मास्तरांनी वडिलांना, म्हणजे आप्पांना, बोलावून घेतलं. आप्पांनी परत येताना खडेबाजारात मला जिलेबी खाऊ घातली आणि ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "माझं धाकटं हाय ह्ये. कोरा दिला पेपर!" त्यानंतर मी ती लिपी जाणूनबुजून विसरलो. बाजारात कन्नड बोलायचो, वाचायचो मात्र नाही.

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. अण्णा, माझा थोरला भाऊ, शहरात नोकरीला, म्हणून शेताच्या कागदांवर सही करायचा अधिकार त्यांनी मला लिहून दिला. दुपारी मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचो. तेव्हा इंग्लंडच्या एका जुन्या राजाच्या धाकट्या मुलाचं चरित्र चाललं होतं. बापानं थोरल्यांना मुलूख वाटले, याच्या वाट्याला काहीच उरलं नाही. बापच त्याला थट्टेनं बिनजमिनीचा म्हणायचा. तरी जीव याच्यावरच.

"तुझ्यागतच की रं," आप्पा हसले. "अण्णाला नोकरी, तुला पत्रकं."

त्याच आठवड्यात नव्या रस्त्यासाठी जमिनी घ्यायला कचेरीची माणसं गावच्या देवळात बसली. टेबलावर कागदांच्या दोन चळती होत्या, एक हरकतीची, एक संमतीची. दोन्ही कन्नडमध्ये. मी मराठी कागद मागितला. नाही म्हणाले. मग मी बोललो. ज्याची जमीन घेता त्याला त्याच्या भाषेत कागद द्यायची लाज का वाटते, असं बरंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनानं शांतपणे कन्नडमध्ये विचारलं, "वाचता येतं का?"

"गरज न्हाय!" म्हणून मी हाताशी आलेल्या चळतीतला वरचा कागद ओढला आणि सही ठोकली. माझ्यामागं सगळी गल्ली रांगेत उभी राहिली. आप्पांच्या घरची सही आहे म्हटल्यावर कुणी काही विचारलं नाही.

कागद मराठीत द्यायलाच हवा होता, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी मला एवढंच विचारायचं होतं, यातली हरकत कुठली? ते तोंडातून निघालं नाही.

महिन्याभरानं अण्णा यादीची प्रत घेऊन आला. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"ह्ये काय करून ठेवलंस रं?"

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"हरकतीची मुदत संपली, आप्पा. आपलं शेत संमतीच्या यादीत हाय. सगळी गल्ली हाय."

"पहिलं नाव कुणाचं?"

अण्णानं यादीची घडी घालायला घेतली.

"वाच. तुला येतंय न्हवं कन्नड?"

अण्णानं माझं नाव वाचलं. मग खालची वाचायला लागला. आप्पांनी उजवा हात वर करून त्याला थांबवलं. बाहेर शेजारची काकू कुणाला तरी सांगत होती, "त्यांच्या घरचं बघून आमच्यानी केली की गं सही."

"आप्पा, मला वाटलं हरकतीचाच—"

"पुस्तक काढ," आप्पा म्हणाले. "कुठवर आलतो?"

मला खूण सापडेना. ती सापडली तेव्हा ओळी नजरेसमोर होत्या. आजारी राजानं आपल्याला सोडून गेलेल्यांची यादी मागवली होती, आणि यादीत पहिलं नाव धाकट्याचं होतं. मी पुस्तक मिटलं.

"वाच की," आप्पा म्हणाले. "ते तर मराठीत हाय न्हवं?"

मी वाचलं. नाव ऐकून राजानं तोंड भिंतीकडं फिरवलं, असं तिथं लिहिलं होतं.

आप्पांना कूस बदलायला दोन माणसं लागत. ते माझ्याकडंच बघत पडून राहिले.