खडूने लिहिलेला तास

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, त्या काळी मी धाडच्या शाळेत गणिताचा मास्तर होतो. वेळापत्रक करायचं काम आपसूक माझ्याकडे आलेलं. कोडं दिसलं की मी हातातला घास ठेवून उठणारा माणूस.

त्या वर्षी ते काही केल्या जमेना. खोल्या तीन, वर्ग पाच, मास्तर चार. उर्दूच्या मास्तरांना रोज एक खोली तासभर मोकळी हवी होती. त्यात बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची, शुक्रवारी दुपारी त्यांची नमाज. शनिवारपर्यंत तास बसला नाही तर त्यांची बदली संग्रामपूरला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली.

मोठ्या पाटीवर मी चौकटी आखल्या. गणित पहिल्या तासालाच, सकाळी डोकी ताजी असतात, यावर माझ्याशी कोणी वाद घालत नसे. म्हणून माझा तास खडूने लिहून टाकला. बाकीच्यांसाठी दाणे मांडले: उर्दूला मूग, भूगोलाला हरभरा, भाषेला तूर. चार दिवस दाणे सरकवत होतो. एक बसला की दुसरा उठे. जेवताना पाटी मांडीशी, आंघोळ करताना डोक्यात. बायकोवर विनाकारण खेकसलो. उर्दूचे मास्तर येऊन पाटीकडे बघत. दोनदा म्हणाले, जरा सोडून द्या, आपोआप सुटेल. मला त्यांचाच राग आला. बदली त्यांची, आणि जीव माझा खालीवर.

शुक्रवारी संध्याकाळी बायकोने वैतागून सगळे दाणे सुपात ओतले आणि सूप माझ्यापुढे सरकवलं. निमूट निवडायला बसलो. मूग वेगळे, तूर वेगळी. तुरीला कीड लागली होती, तेवढंच मनात होतं. आणि मधेच हात थांबला. चार दिवस सगळ्यांचे दाणे हलत होते, माझा तास हलला नव्हता. गणित शेवटच्या तासाला नेलं की पहिल्या तासाची खोली उर्दूला मोकळी.

तसाच अनवाणी त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं. ते नुसते हसले.

"मले तं पहिल्याच दिवशी दिसलं होतं, मास्तर."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं, तं तुमी आयकलं असतं?"

 घरी येऊन खडूचा तास ओल्या फडक्याने पुसला.