मामांची टिचकी

स्पीकरवाले मामा अख्ख्या गल्लीचे मामा होते, पण त्यांची सख्खी भाची एकच. फाटलेल्या स्पीकरला नवा कागद बसवायचा, जळालेली कॉइल बदलायची आणि डिंक वाळेपर्यंत समोरच्याला उपदेशाचे डोस पाजायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. नियम दोनच. दुरुस्त झालेल्या कागदावर नखाने टिचकी मारायची; 'टप्' असा भरीव आवाज आला तरच माल द्यायचा. आणि अधिक-उणे तारा जोडताना तोंड बंद ठेवायचं. "तोंड चाललं की हात चुकतो," हे ते ज्याला त्याला सांगत. फक्त स्वतःला सांगायचं राहून जाई.

भाची संगीत करायची, आणि तेही कसलं, तर डार्क टेक्नो. शब्द नाहीत, सूर जेमतेम, नुसते ठोके आणि त्यांच्याखाली घरघर. "जमिनीखाली कुणीतरी कपडे आपटतंय," असं मामांचं मत. या संगीताची पाळंमुळं शोधायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं होतं. ती जुन्या यंत्रांच्या आवाजातच सापडतील म्हणून ती दुकानात येऊन बसायची, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायची, आणि मामा घसा खाकरून उपदेश सुरू करायचे. आपलं बोलणं जपून ठेवलं जातंय, याचं त्यांना फार कौतुक होतं.

रविवारी दुपारी, बंद पडलेल्या एका छापखान्याच्या हॉलमध्ये तिचा पहिला कार्यक्रम होता. तिथले दोन मोठे स्पीकर मामांकडेच दुरुस्तीला आले होते. लोक नाचले नाहीत तरी चालेल, पण मामाची मान एकदा तरी डोलावी, एवढीच तिची हौस. आणि या बाबतीत मामा पक्के कंजूष.

आदल्या दिवशी ते दुसऱ्या स्पीकरच्या तारा जोडत होते, तेव्हा ती म्हणाली, "मामा, तालाची यंत्रं आली ती वादकाची नक्कल करायला. ती काही जमली नाही. मग ती स्वस्तात विकली गेली, आणि ज्यांना वादक परवडत नव्हते त्यांनी ती घेतली. आसपास कारखाने धडधडत होते, तसंच वाजवलं त्यांनी. हे सगळं तिथून आलंय."

"म्हणजे मूळच भंगारात!"

"मग तुझं दुकान काय सराफाचं आहे?"

मागे चहा गाळणाऱ्या मामी खुदकन हसल्या आणि मामांचा पारा चढला. "दर्जा काय असतो ते मला शिकवू नकोस. आवाज मोठा केला म्हणजे खोल होत नाही. खोल आवाज पोटात उतरतो, कानाला टोचत नाही..." हे बराच वेळ चाललं. तारा जोडून झाल्या तरी चाललंच होतं.

रविवारी पडदे ओढून भरदुपारी अंधार केला. संगीत सुरू झालं, आणि ठोके पत्र्याच्या डब्यावर वाटाणे पडावेत तसे वाजू लागले. लोक भिडेखातर उभे होते. 'मी सांगितलं नव्हतं?' हे मामांच्या ओठांवर आलं होतं, इतक्यात त्यांना भाचीचा चेहरा दिसला. रडू आवरताना ती लहानपणापासून खालचा ओठ चावायची, तसाच चावत होती.

त्यांचे पाय आपोआप डाव्या स्पीकरपाशी गेले. तिथे ठोका थेट पोटात बसत होता. उजव्यापाशीही तसाच. हॉलच्या मध्यभागी आले, तर सगळा पोकळ. मामांच्या ध्यानात आलं. एक स्पीकर हवा बाहेर ढकलत होता तेव्हा दुसरा आत ओढत होता; दोघे एकमेकांचा खोल आवाज खाऊन टाकत होते. एकाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलंही नसतं. संगीतच वाईट म्हणून सगळे घरी गेले असते.

"बंद कर गं!" मामा ओरडले. ठोके थांबले. "मंडळी, हिच्या ठोक्यांत काही खोट नाही. तारा मी उलट्या जोडल्यात."

"तोंड चालू होतं!" मागून मामींनी खुलासा केला. सगळा हॉल हसला, आणि सगळ्यात मोठ्याने भाची.

मामांनी खिशातला पेचकस काढला, तारा बदलल्या आणि खूण केली. या वेळी ठोका जमिनीतून आला. लोकांचे पाय हलले, खांदे हलले, बघता बघता हॉल नाचू लागला. मामा मात्र कान टवकारून उभे. ठोक्यांखालची ती घरघर ओळखीची होती. आपल्या दुकानातल्या टेबलाखालचा जुना अँप्लिफायर! घरघरतो म्हणून रोज शिव्या खाणारा. आणि तो ठोका, कितीही खालच्या सुरात उतरवलेला असला तरी, टप्, टप्, त्यांच्याच नखाचा होता.

ते गर्दीतून वाट काढत भाचीपाशी गेले. "आणि माझा उपदेश?"

"सगळा कापला!" ती कानाशी ओरडली. "टिचकी तेवढी ठेवली."

मामांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. तिथेच उभे राहून ते ठोक्याठोक्याला हवेत टिचक्या मारू लागले. मामींनी त्यांना कोपराने ढोसलं.

"अहो, मान डोलतेय तुमची. सगळे बघताहेत."

"बघू देत," मामा म्हणाले.