दात भरला मराठीत, सूचना दिल्या इंग्लिशमध्ये

मंडळी, आज डोकं फिरलंय. ऐका.

माझ्या समोरच्या दाताचा टवका उडालेला. उद्या नातीची हळद, म्हणून परवा मानपाड्याला दातांच्या डॉक्टरकडे गेलेले. त्याने दाताच्या रंगाचा मसाला लावून असा कोपरा भरला, की सूनबाई पण ओळखेना.

आज खेकड्याचं कालवण जेवताना चिंबोरीची नांगी नेहमीसारखी पुढच्या दातांनी फोडली. कोपरा ताटात!

तशीच गेले. डॉक्टर म्हणतो, "आजी, पुढच्या दातांनी कडक काही फोडायचं नव्हतं. मोबाईलवर पीडीएफ पाठवलेली ना?"

उघडून बघितली. दोन पानं, सगळी इंग्लिश. मी सातवी शिकलेली बाई.

मी म्हटलं, "अरे, अर्धा तास 'आजी, आ करा' मराठीत चाललेलं तुझं. मग 'चिंबोरी फोडू नका' बोलायला जीभ दुखत होती काय?"

त्यावर त्याने सोमवारची वेळ दिली. म्हणजे उद्या हळदीत मी तोंडावर पदर धरून नाचू?

परवा नर्सने "समजलं ना?" विचारलं तेव्हा मी मान हलवलेली, ते पण खरं. विचारायची लाज वाटली. तुमच्यातले किती जण असेच मान हलवून घरी येतात? खरं सांगा.