मागच्या सीटवरचा रस्ता

राजपालनं सारा जन्म एसटीची बस चालवली, पण मागच्या सीटवर बसायची वेळ त्याच्यावर फारशी आलीच नाही. निवृत्तीनंतर येरमाळ्यात त्यानं जुनी एसयूव्ही घेतली, तिचंही तेच. स्टिअरिंगवर तो, आणि मागं असेल तो असेल. मागच्या माणसाला काय सोसावं लागतं, हे त्याला कळलं ते हरणाबाईंचा खुबा मोडला तेव्हा.

हरणाबाई म्हणजे महारुद्रची बायको. महारुद्र कंडक्टर, राजपाल ड्रायव्हर. तुळजापूर डेपोत दोघांची जोडी वर्षानुवर्षं टिकली. राजपालची बायको गेली तेव्हा त्याची पौर्णिमा नुकती शाळेत जायला लागली होती. मुक्कामी गाडीची ड्यूटी लागली की पोरीला ठेवायचं कुठं, हा घोर त्याला आतून खायचा. पण त्यानं तो कुणापाशी काढला नव्हता. एके दिवशी तामलवाडीजवळच्या वस्तीवरून हरणाबाई आपण होऊन आल्या, पोरीचे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी खुशाल गाडीवर जा. पोरगी माझ्याजवळ ऱ्हाईल."

ती राहिली. मेंढरांच्या वाड्याशेजारी तिनं पाढे पाठ केले, हरणाबाईंच्या हातची वेणी घालून ती शाळेत गेली. गोवर निघाला तेव्हा हरणाबाई तिच्या उशापासून हलल्या नाहीत. आता पौर्णिमा कळंबला शिक्षिका होती. हरणाबाईंना ती अजून 'माय' म्हणायची.

तर त्या हरणाबाई ओल्या फरशीवरून घसरल्या. सोलापुरात ऑपरेशन झालं, नीट झालं. घरी न्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती. फक्त धक्के बसू देऊ नका, एवढं त्यांनी बजावून सांगितलं. महारुद्रचा फोन आला.

"राजपाल, वस्तीच्या अलीकडं ओढा हाय, तुला ठाऊकच हाय. ॲम्ब्युलन्सवाला न्हाय म्हनतोय, खालनं घासतीय म्हने. तुजी गाडी उंच हाय. तीच आन."

"आनतो की," राजपाल म्हणाला. त्याला आनंदच झाला. शेताच्या वाटेवरचे दगड बुडाला घासायचे म्हणून त्यानं गाडी दोन इंच उचलून घेतली होती. तेव्हा कांद्याची पोती वाहायची होती, म्हणून मागं सगळ्यात ताठ स्प्रिंग टाकले होते. गाडी उंच दिसायची, दमदार दिसायची. त्याला तिचा अभिमान होता.

पौर्णिमाला मात्र त्या मागच्या सीटची ओळख होती. ती म्हणाली, "बाबा, एकदा तुम्ही मागं बसा. मी चालवते."

शेताच्या वाटेला लागल्यावर पहिल्याच दगडाला राजपालचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्या खड्ड्यात कंबरेत कळ आली. चाक खाली गेलं की खाडकन आवाज, वर आलं की सीट त्याला उडवायची. तो दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसला.

"थांबव, बाई," तो म्हणाला. उतरून त्यानं मागचं चाक वाकून बघितलं. ह्या सीटवर आपण वहिनींना आणणार होतो! त्यानं गाडी तशीच हायवेकडं घ्यायला सांगितली.

हायवेवर बसवेशचं वर्कशॉप होतं. बसवेश मूळचा लोहाऱ्याचा, जीपगाड्यांची कामं करण्यात त्याचा हात बसलेला. त्यानं गाडी जॅकवर घेतली, खाली वाकून बघितलं.

"मामा, हे स्प्रिंग पोत्यांसाठी हायत. पोती असली तर दबतात. मानसं बसली तर दबतच न्हायत, म्हणून उडवतात. आन् धक्के जिरवणारे शॉकअप जुन्याच मापाचे ठेवलेत. गाडी वर गेली, शॉकअप आखूडच ऱ्हायले. चाक खड्ड्यात गेलं की ते पार ताणले जातात. तो आवाज त्याचाच."

"मग सगळ्यात मऊ काय असंल ते टाक," राजपाल म्हणाला. "माणूस दुखण्यातलं हाय."

"मऊ टाकू. पण भरल्या गाडीत ते ओढ्यात पार बसंल, असं मला वाटतं."

"टाकून तर बघू."

बसवेशनं टाकले. मोकळ्या गाडीत राजपाल मागं बसला आणि खूश झाला. पाळण्यात बसल्यासारखं. तेव्हा पौर्णिमानं मोजदाद सुरू केली. मागं माय आडवी, तिच्याजवळ मी, पुढं महारुद्रकाका आणि तुम्ही, शिवाय गाद्या, वॉकर, दवाखान्यातलं सामान. तेवढ्या वजनाची वाळूची पोती मागं टाकून ते पुन्हा शेताच्या वाटेवर गेले. तिथल्या खोलगट ओघळीत गाडी खाली गेली आणि स्प्रिंग पुरते दबून खालून असा दणका बसला, की राजपालचे दात एकमेकांवर आपटले. आधीच्यापेक्षा हा वाईट होता.

राजपाल बसवेशला म्हणाला, "तुजं बरोबर होतं, बाबा. मधले टाक."

मधल्या ताकदीचे स्प्रिंग आणायला बसवेश स्वतः सोलापूरला गेला. उंची तेवढीच राहिली, दोन इंच. ताठपणा कमी झाला. शॉकअप त्यानं त्या उंचीला पुरतील असे लांब निवडले, आणि फार कडक नकोत म्हणून दोन जोड्या परत केल्या. मग पोत्यांसकट पुन्हा तीच वाट. राजपाल मागं बसला, डोळे मिटून. गाडी खाली गेली, वर आली आणि तिथंच शांत झाली. दुसरा झोका आला नाही.

"जमलं," तो म्हणाला. बसवेशनं पाने पुसून पेटीत ठेवले.

सोलापुराहून हरणाबाईंना आणलं त्या दिवशी सकाळचं ऊन होतं. पौर्णिमाच्या मांडीवर त्यांचं डोकं. तामलवाडी सुटली, गाडी कच्च्या वाटेला लागली. ओढ्यात राजपालनं गाडी अगदी पावलानं घातली आणि आरशात बघत राहिला. हरणाबाईंच्या कपाळावर आठी उमटली नाही.

"भावजी, ओढा आला का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"मागं ऱ्हायला, वहिनी."

घरी त्यांना खाटेवर निजवल्यावर महारुद्र चहाला आत गेला. राजपाल खाटेजवळ बसला. सगळ्या आयुष्यात जे ओठांवर आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं.

"वहिनी, पोरीला तुमी सांभाळलं, म्हणून म्या नोकरी करू शकलो. म्या हे कदी बोललो न्हाय."

"त्यात बोलायचं काय? पोरगी माजी न्हाय व्हय?"

"हाय. तरी आज बोलतो. तुमचं लई हाय माझ्यावर."

हरणाबाईंनी त्याचा हात थोपटला आणि पौर्णिमाला म्हणाल्या, "तुजा बा म्हातारा व्हायला लागला गं."

पुढं तपासण्यांसाठी राजपालच त्यांना नेऊ-आणू लागला. वस्तीवरचे आणखी दोन आजारीही त्याच गाडीतून जाऊ लागले. वॉकर सुटून काठी आली त्या दिवशी, दवाखान्यातून निघाल्यावर, हरणाबाई म्हणाल्या, "भावजी, आज वस्तीवर नगा नेऊ. आदी कळंबला चला. ती शिकवती ती शाळा म्या अजून बगितली न्हाय."

राजपालनं गाडी तुळजापूरच्या रस्त्यानं सरळ पुढं काढली. शाळेत मधली सुट्टी चालू होती. पौर्णिमा फाटकापर्यंत धावत आली, हरणाबाईंचा हात धरला आणि त्यांना थेट वर्गात घेऊन गेली. डबा खात बसलेली पोरं उठून उभी राहिली. ती म्हणाली, "ही माझी माय."