कामठीची कुत्री आणि तिचे जंत

लग्न होऊन मी सीताबर्डीला आले, त्याच वर्षी यांनी कामठीहून एक कुत्री आणली. छावणीतला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि तिला सोबत नेणं त्याला जमत नव्हतं. मामंजींचं कापडाचं दुकान, घरात कांद्यालाही मज्जाव. "कुत्री राहीन, पण ओसरीच्या खाली," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

पण ती खाऊनपिऊन वाळत चालली. फासळ्या दिसू लागल्या, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. आम्ही दोघं तिला टांग्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथले डॉक्टर गोल आणि हसरे. ते म्हणाले, "जंत वाटतात. हिला टोचायचं नाही, कापायचं नाही. सकाळी मैदानात ती जे टाकते, त्यातलं थोडं डबीत घालून आणा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुपारीची रिकामी डबी पदराखाली धरून मी तिच्या मागे निघाले, हेही सोबत होते. कुत्री भलती लाजरी. कुणी पाहत असलं की बसेचना. मी एका लिंबाआड लपले, हे दुसऱ्याआड. ती जरा वाकायची, आमच्यापैकी कुणाला तरी हसू फुटायचं, की ही उठून पुढे. तेवढ्यात शेजारीण आली. "काहून वं, काही हरवलं काय?"

"नाही जी," मी म्हणाले, "मिळायचं आहे." आणि हसता हसता खालीच बसले. त्या गोंधळात कुत्रीनं आपलं काम उरकून घेतलं.

डॉक्टरांनी ते मिठाच्या दाट पाण्यात कालवलं. जंतांची अंडी हलकी, ती वर तरंगतात. वरचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अंडीच अंडी होती. औषध देऊन ते म्हणाले, "लागू पडलं की नाही, हे कुत्री सांगणार नाही, डबी सांगेल. पुन्हा आणा."

पुढच्या खेपेला यांना दुकानातून निघता येईना. सून एकटी जाणार हे मामंजींना पटेना, म्हणून नाकाला उपरणं लावून तेच सोबत आले. डॉक्टरांनी त्यांना बळेच यंत्रापुढे बसवलं. एक डोळा मिटून त्यांनी दुसरा यंत्राला लावला. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे तं संत्रं दिसून राहिलं. आत फोडीबी आहेत."

त्या दिवसापासून डबी त्यांची झाली. मैदानावर तेच जात, काठी टेकून कुत्रीशी गप्पा मारत उभे राहत, आणि त्यांच्यासमोर ती मुळीच लाजत नसे. जेवतानाही विषय तोच. "आज कमी दिसली. दवाई लागून राहिली." सासूबाई ताट सारून उठत.

एकदा मामंजींची थोरली बहीण मौद्याहून आली होती. आत्याबाई इतक्या सोवळ्या की पाण्याचं भांडंही घरून आणत. त्या ओसरीवर बसल्या होत्या. दारात टांगा थांबला आणि उतरायच्या आतच मामंजींनी आवाज दिला, "सूनबाई, आपल्या घरची अंडी संपली वं. एकबी उरलं नाही!"

आत्याबाईंच्या हातातलं भांडं गडगडत अंगणात गेलं. "भाऊ, तू अंडी खाऊन राहिला?"

"खाऊन नाही, मोजून राहिलो."

मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाले. तिथे सासूबाई आधीच भिंतीला टेकून आवाज न करता हसत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

बाहेर मामंजींनी बहिणीला मीठ, थेंब, फोडी, सगळं समजावलं. आत्याबाईंनी अंगणात गेलेलं भांडं उचलून आणलं. मग हळूच म्हणाल्या, "आमचा मौद्याचा कुत्राबी लय वाळला आहे. त्याचं आणलं तं पाहतीन काय?"

पुढच्या फेरीला त्यांनी ते आणलं, पळसाच्या पानात बांधून, अंगापासून हातभर लांब धरून. मामंजी बहिणीला घेऊन दवाखान्यात गेले. दोघं परतली ती भांडतच. यंत्राला डोळा कुणी जास्त वेळ लावला, यावरून. तोवर आमची कुत्री अशी गुबगुबीत झाली होती की ओसरीची पायरी चढताना धापा टाकी, आणि 'ओसरीच्या खाली' असा हुकूम असताना तिला वर कोण घेई, हे मी आजही सांगणार नाही.