आठव्या चौकटीतल्या सतरा गोगलगायी

नगरपासून समुद्र अडीचशे किलोमीटरवर. तरी नगरच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला सागरी जीवशास्त्र शिकवतात, आणि फक्रुद्दीन वेल्डरची रुमाना ते शिकायला गेली, याचं गल्लीतल्या बायकांना हसू आवरत नव्हतं. "मासळी बाजारात मिळते की गं, त्याला कॉलेज कशाला?" असं एकीनं तिच्या आईला, जरीनाला, तोंडावर विचारलं होतं. हसणाऱ्यांचा रुमानाला राग आला नाही. तिचा राग पुढं ज्या माणसावर बसला, तो हा विषय जीव ओतून शिकवायचा, आणि म्हणूनच तो राग जास्त होता.

शामकांत सरांनी पहिल्याच महिन्यात फळ्यावर चंद्र काढून सांगितलं होतं: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. रुमानानं वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. म्हणून फेब्रुवारीतल्या समुद्रकिनाऱ्याच्या सहलीची तारीख बोर्डावर लागली, तेव्हा तिनं आधी चांद मोजला. तिच्या घरात सगळे सण चांदावर चालत, बोटांवर मोजायला वेळ लागला नाही. आठवा चांद. ती तडक स्टाफरूममध्ये गेली.

"सर, त्या दिवशी अष्टमी आहे. भांग आहे."

"असू दे ना. ओहोटी साडेबाराला आहे. तक्ता बघूनच तारीख घेतो मी. पहाटे पाचला निघायचं, बाराला पोचायचं, तीनला परत."

"पण सर, पाणी खाली जाणारच नाही. अमावास्येला गेलो तर..."

"अमावास्येला ओहोटी सकाळी सहाला, नाहीतर संध्याकाळी सहाला. म्हणजे मुक्काम आला. मुलींचा मुक्काम म्हणजे प्रत्येक पालकाची सही आणि वर प्राचार्यांची कटकट." सर हसले. "अगं, ओहोटी म्हणजे ओहोटी. तूही नगरची, मीही नगरचा. समुद्रानं आपल्याला विचारून उतरावं असं म्हणू नये."

स्टाफरूम हसली. मेख इथंच होती. त्या किनाऱ्यावर भरदुपारी ओहोटी येते ती फक्त भांगाच्या दिवसांत. म्हणजे नगरच्या बसला जो दिवस सोयीचा, तोच नेमका काही न दिसण्याचा.

झालंही तसंच. काम सोपं होतं. खडकाच्या माथ्यापासून खाली पाण्याच्या दिशेनं दहा ठिकाणी अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची, आणि चौकटीच्या आत जे जीव दिसतील ते मोजायचे. फक्रुद्दीननं सुप्याच्या कारखान्यात सुपरवायझरला विचारून, उरलेल्या सळईची चौकट करून दिली होती. तिचे सांधे इतके साफ घासलेले, की बोट फिरवलं तरी जोड कळू नये. पाच ठिकाणं झाली आणि पुढं पाणी. लाटा सहाव्या जागेवर आपटत होत्या. ओहोटी पूर्ण झाली होती, खालचा खडक मात्र पाण्याखालीच होता.

चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, "कालवं काढायला एक तरी बाय दिसते का आज खडकावर? भांगाचा दिस हाय. कुणी धाडलं तुम्हाला?"

सरांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी मुलांना गोळा केलं. "वरच्या पाच चौकटी आजच्या लिहा. खालच्या पाच मागच्या वर्षीच्या जर्नलवरून घ्या. जीव तेच असतात. त्यांना कुठं बदलीवर जायचंय?"

परतीच्या बसमध्ये रुमानाच्या मैत्रिणीनं, मनवानं, सीनियर मुलींची तीन जर्नलं पिशवीतून काढली. रुमानानं आठवी चौकट उघडली. खडकाला टोपीसारख्या चिकटून बसणाऱ्या गोगलगायी: सतरा. दुसरं जर्नल: सतरा. तिसरं: सतरा.

सोमवारी तिनं विभागाचं कपाट उपसलं. नऊ वर्षांची जर्नलं निघाली. नऊ वर्षांत त्या चौकटीत एक गोगलगाय जन्मली नव्हती, एक मेली नव्हती. दर वर्षी तीस-बत्तीस मुलं, प्रत्येकाच्या सुवाच्य अक्षरात सतरा, आणि खाली सरांची सही. रुमाना कपाटाशी उकिडवी बसली होती, तिचे कान तापले. दोन वर्षं ती बसला लटकत कॉलेजात येत होती, ते हे उतरवून काढायला?

घरी आल्यावर तिनं जर्नल कॉटवर फेकलं. जरीना म्हणाली, "लिहून टाक गं बाई. सतरा तर सतरा. सही नसली तर परीक्षेला बसू देतील का?"

घरात दखनी उर्दू चाले, पण कामाची गोष्ट निघाली की फक्रुद्दीन कारखान्यातल्या मराठीवर यायचा. हात पुसत त्यानं विचारलं, "तू मोजल्या का सतरा?"

"नाही."

"मग आल्या कुठनं?"

"मागच्या वर्षीच्या जर्नलातून."

"आन् त्या?"

"त्याच्या मागच्या वर्षीच्या."

"आमी असं न तपासता लिवलं तर टाकी फुटती. मान्सं मरत्यात." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "पानी कवा उतरतं?"

"पौर्णिमेला, संध्याकाळी. या गुरुवारी."

"गुरुवारी सुट्टीच हाय मला."

"तुम्ही दोघं समुद्र मोजायला निघालात," जरीना म्हणाली, आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं, कारण वाटेत खायला काही लागणारच होतं.

गुरुवारी चारला पाणी खालच्या खडकावरून हटायला लागलं. साडेपाचला रुमानाच्या समोर एक अख्खा खडक उघडा पडला होता, आणि त्यावर पंधरा-वीस बायका वाकून कालवांचे शिंपले फोडत होत्या. रुमाना पहिल्यांदा थक्क झाली, मग पुन्हा चिडली. हे इथं दर पंधरवड्याला उघडं पडत होतं. नऊ वर्षांतली सगळी मुलं याच किनाऱ्यावर वडे खाऊन परत गेली होती.

फक्रुद्दीन विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चौकट धरायचा आणि ती आकडे सांगेल ते वहीत लिहायचा. आठव्या ठिकाणी ती बराच वेळ बसून राहिली. एकही गोगलगाय नव्हती. खडकावर तपकिरी, मऊ गादीसारखे जीव एकमेकांना खेटून पसरले होते. बोट लावलं की तोंड मिटून घेत. जर्नलांत यांचं कुठं नावही नव्हतं.

"काय लिहू?"

"गोगलगायी शून्य. आणि खाली मी सांगते ते लिहा, अब्बा."

जर्नलं तपासायच्या दिवशी ती भांडायच्या तयारीनं गेली. भरती-ओहोटीचा तक्ता, एस.टी.ची तिकिटं, फोटो, सगळं फाईलमध्ये होतं. रांगेत तिचा नंबर आला. शामकांत सरांनी जर्नल ओढलं, शेवटचं पान काढलं, सही केली, शिक्का मारला. "चला, पुढचा."

रुमाना जागची हलली नाही.

"सर, आतलं पाहिलं नाही तुम्ही. आठवी चौकट."

"त्यात काय पाहायचं? सतरा."

"शून्य आहेत, सर."

मागून मनवानं तिची ओढणी ओढली. "झाली ना सही? चल ना."

"शून्य?" सरांनी मान वर केली. "कसं शक्य आहे? नऊ वर्षांचा डेटा आहे आपला."

"नऊ वर्षं कुणी मोजलंच नाही. मी पौर्णिमेला जाऊन मोजलं."

रांगेतली मुलं पुढं सरकली. सरांचा आवाज खाली आला. "हे बघ रुमाना. बाहेरचे परीक्षक येणार. एकतीस जणांचे सतरा आणि तुझं एकटीचं शून्य. ते विचारणार. आण इकडे, तेवढं एक पान बदलून दे."

त्यांनी हात पुढं केला. रुमानानं जर्नलावर तळवा ठेवला.

"विचारू देत, सर."

"अगं, त्यावर माझी सही आहे."

"हो. म्हणून तर म्हणते, वाचा. न वाचता केलेली सही मला नको."

"रांग बघ मागं किती आहे."

"मी थांबते, सर. तेही थांबतील."

तिनं तळवा उचलला, पहिल्या चौकटीचं पान उघडलं, जर्नल सरांच्या बाजूला फिरवलं आणि टेबलासमोर उभी राहिली. शामकांत सरांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग खिशातून चष्मा काढला आणि वाचायला घेतलं.