फोरमनचं नाक

माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनचा पिवळा दिवा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा लागला, तेव्हा फोरमन माझ्यावरच खेकसला, "बाई, तुम्ही गाडी चालवता की छळता?"

फोरमन हे त्याचं टोपणनाव. कुठल्याशा कारखान्यात तो तीन महिने फोरमन होता. मालकाशी भांडून बाहेर पडला, ते नाव तेवढं बरोबर घेऊन. त्यानंतर दोन गाड्या जेमतेम मावतील एवढ्या गॅरेजात तो आणि त्याची बायको. ती सुटे भाग मागवते, फोन घेते आणि त्याने दुखावलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढते.

आमच्या नाटक मंडळींची व्हॅन तो सांभाळायचा, तेव्हापासून मी त्याला ओळखते. गाडीमागे ओणवा होऊन धूर हुंगायचा आणि निकाल द्यायचा, "पेट्रोल जास्त पितेय." कधी चुकला नाही. त्या नाकासाठी लोक लांबून यायचे. गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनरही घेतलाय त्याने, पण त्याला तो 'चुगलखोर' म्हणतो.

त्या चुगलखोराने ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवलं होतं.

"म्हणजे काय रे?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"गाडीचं नाक. धुरात किती ऑक्सिजन उरला ते हुंगतं. कमी उरला तर पेट्रोल जास्त होतंय. मग इंजिन हात आखडतं."

दोनदा त्याने ते नाक बदललं. दोन्ही वेळा इंजिनच्या वरच्या झाकणातून ऑइल झिरपतंय म्हणून सीलंट लावून तेही बुजवून दिलं. आणि दोन्ही वेळा दिवा परत लागला.

आज वायरीसाठी खाच असलेला पाना लावून त्याने धुराच्या तापलेल्या नळीतून सेन्सर काढला. त्याचं टोक पांढरंफटक.

"पेट्रोल जास्त असतं तर काळं झालं असतं. पांढरं कसं? दुकानदार बनावट माल देतोय. बघतोच त्याला!"

तणतणत त्याने तिसरा सेन्सर बसवायला घेतला. त्याआधी पुन्हा पाझरणारं झाकण उघडलं, कडेने सीलंट पिळलं. झणझणीत आंबट वास माझ्या नाकात शिरला.

"अरे, व्हिनेगर सांडलं का कुठे?"

"कसला वास?"

त्याचा चेहरा अगदी कोरा होता. बायको दारात उभी होती.

"सांगा त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"तू गप्प बस."

"नाक गेलंय यांचं, बाई. गेल्या थंडीतल्या तापात. परवा दुधाचा कोळसा झाला आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले!" मग तिची नजर त्याच्या हातावर गेली. "अहो, ही तर न्हाणीघराच्या फटी बुजवायची नळी!"

त्याने नळी डोळ्यांजवळ धरून वाचली. इंजिनच्या सीलंटची नळीही अशीच राखाडी. पूर्वी नुसत्या वासावरून त्याने ती बाजूला सारली असती.

"याची वाफ इंजिनात जाते," तो सावकाश म्हणाला. "जळते आणि सेन्सरवर काचेसारखी बसते. दोन्ही नाकं मीच बुजवली." आणि त्याने रिकाम्या डब्याला अशी लाथ घातली की तो रस्त्यापर्यंत गडगडत गेला. "स्कॅनर काय, गल्लीबोळात आहेत. आता माझ्याकडे कोण येणार?"

"माझा आवाज गेला तेव्हा मी दोन हंगाम लपवलं," मी म्हटलं. "शेवटी मागच्या रांगेतून एकजण ओरडला, 'बाई, ऐकू येत नाही!' त्याच्यावर मीही अशीच खेकसले होते. मग बारा वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं."

"विंगेतलं कुणाला दिसत नाही. माझं नाक सगळ्यांनी पाहिलंय."

मी रस्त्यावर जाऊन तो डबा उचलून आणला.

दुपारभर तो ते सीलंट ब्लेडने खरवडत होता, स्वतःलाच शिव्या देत. बायकोने शोधून दिलेल्या नळीतलं इंजिनचं सीलंट लावलं, ते सुकू दिलं, नवा सेन्सर घट्ट केला, स्कॅनरने जुना कोड पुसला आणि इंजिन चालू केलं. सवयीने मागे जाऊन ओणवा झाला. बराच वेळ तसाच राहिला. मग उठला.

"अगं, इकडे ये. वास घे."

"कसला?"

"ते मला कळलं असतं तर तुला बोलावलं असतं का?"

ती नाकाला रुमाल लावून वाकली.

"रुमाल काढ आधी!"

"पेट्रोलसारखा येतोय... थोडासा."

"कच्च्या की जळलेल्या?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मग शीक. मला तीन वर्षं लागली. परत घे. आणि शिंकू नकोस."

दिवा लागला नव्हता. मी तसं गाडीत बसून ओरडून सांगितलं, तर तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाई, मध्ये बोलू नका. तालीम चाललीय."